पियानोच्या पहिल्या मैफलीला जाताना

सवाई गंधर्वच्या मांडवात ज्यांचे हिवाळे गेले, त्यांना मैफल कशी ऐकायची हे कुणी शिकवायला नको. पण हीच मंडळी पहिल्यांदा पियानोच्या कार्यक्रमाला येतात तेव्हा अवघडून बसलेली दिसतात. टाळी कधी वाजवायची, मान डोलवली तर चालेल का, हा कुठला राग, समेवर कधी येणार, असे सगळे प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतात. गेली काही वर्षं मी शेजारच्या, ओळखीच्या, भिशीतल्या मैत्रिणींना अशा कार्यक्रमांना घेऊन जाते. रिक्षात बसल्यावर त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या रचना वाजवणाऱ्यांपेक्षा मी इथे बोलते आहे ते आजच्या काळातल्या, स्वतः लिहिलेलं स्वतः वाजवणाऱ्या पियानोवादकांबद्दल. त्यांच्या कार्यक्रमाला जायला पाश्चात्त्य संगीताची पूर्वतयारी कमी लागते, आणि आपल्या कानांना तिथे ओळखीचं बरंच काही सापडतं.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच निघतात. पियानोचा सूर लागला की त्याच क्षणापासून मावळायला लागतो. गवई सूर लावून धरतो, भरतो, हलकेच खाली आणतो. सारंगीवाला गज ओढतो तोवर सूर त्याच्या हातात असतो. पेटीलाही भाता आहे. पियानोवादकाने पट्टी दाबली, हातोडी तारेवर पडून मागे आली, की त्या सुराला वाढवणं त्याच्या हातात राहत नाही. फार तर तो सूर थांबवता येतो. सतारिये जिला आस म्हणतात, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा झंकार, तेवढीच काय ती त्याची मिळकत. आजचे कितीतरी रचनाकार या मावळण्यावरच आपलं संगीत उभं करतात. दोन सुरांमध्ये जागा सोडतात, विरत जाणारा सूर ऐकतात आणि मग पुढचा ठेवतात. म्हणून या मैफलीत कान लावायचा तो सूर लागल्यानंतर.

आठवडाभर आधी: जाहिरात नीट वाचा

पुण्यात पियानोचे कार्यक्रम गाण्याच्या मैफलींसारखे रोज उठून होत नाहीत, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. कॅम्पातल्या दस्तूर शाळेचा मझदा हॉल हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं इथलं जुनं ठिकाण. पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन आणि सेनापती बापट रस्त्याजवळ पत्रकारनगरातलं आलियाँस फ्रान्सेज यांच्या कार्यक्रमांवरही नजर ठेवावी, तिकडचे कलाकार दौऱ्यावर आले की बातमी अशाच ठिकाणी लागते. आणखी एक तारीख लक्षात ठेवा: वर्षाचा ८८ वा दिवस. पियानोला ८८ पट्ट्या, म्हणून निल्स फ्राम या जर्मन पियानोवादक-रचनाकाराने २०१५ पासून हा दिवस पियानो दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. एरवी तो २९ मार्चला येतो, लीप वर्षात २८ ला. त्या सुमारास अनेक देशांत छोटेमोठे कार्यक्रम असतात.

जाहिरात हाती आली की त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, वाद्य कुठलं आहे. खरा ग्रँड पियानो असेल तर आयोजक ते आवर्जून लिहितात. हिरवळीवरच्या किंवा गच्चीवरच्या कार्यक्रमात बहुधा डिजिटल पियानो असतो, त्यातली आस यंत्राने रचलेली असते आणि ती स्पीकरमधून येते. तोही कार्यक्रम चांगला होऊ शकतो, पण तुमचा पहिला अनुभव तो नसावा असं मला मनापासून वाटतं. दुसरी, एकट्या पियानोचा कार्यक्रम आहे की सोबत चेलो, व्हायोलिन किंवा लॅपटॉप आहे. पहिल्या खेपेला एकटा पियानोच बघा. तिसरी गोष्ट मध्यंतराची. आजकाल पुष्कळ जण तास-सव्वा तास सलग वाजवतात. मध्यंतर नसेल तर ते आधी माहीत असलेलं बरं, विशेषतः सोबत वडीलधारी माणसं असतील तर.

घरची तयारी: देवघरातली घंटा

लोक मला विचारतात, जाण्याआधी काय काय ऐकून येऊ? मी म्हणते, त्या कलाकाराच्या दोनच रचना ऐका, त्याही हेडफोन लावून आणि हातातलं काम बाजूला ठेवून. दहा ऐकून गेलात तर मैफलीत बसून नुसती ओळख पटवत राहाल.

त्याऐवजी एक सोपा सराव करा. रात्री घरातलं सगळं आवरल्यावर पंखा बंद करा, देवघरातली घंटा घ्या आणि एकच टोल द्या. मग ती पूर्ण विरेपर्यंत ऐका. आधी धातूवर आपटल्याचा टणत्कार ऐकू येतो, मग एक गोल सूर, मग त्या सुराच्या आत दुसरा एक बारीक सूर, आणि अखेरीस आवाज संपला की आपल्याला तो संपल्यासारखा वाटतो आहे हेच कळेनासं होतं. चार-पाच दिवस रोज एकदा केलंत तरी कानात फरक पडतो. माझ्या एका मैत्रिणीने हे केलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की तिला पहिल्यांदाच स्वतःच्या घरातल्या फ्रीजचा आवाज कळला.

घंटा मी सुचवते त्याला आणखी एक कारण आहे. एस्टोनियाचे आर्वो पेर्त यांनी काही वर्षं जवळजवळ काहीच नवं न लिहिता काढली, आणि १९७६ मध्ये ते अगदी मोजक्या सुरांची एक नवी पद्धत घेऊन परतले. पहिली रचना पियानोचीच होती. दोन पानांची, संथ, बराच भाग मोकळा. या पद्धतीला त्यांनी घंटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच नाव दिलं. आजच्या कितीतरी पियानो-रचनाकारांच्या संगीतात ती घंटा कुठेतरी वाजत असते.

वाद्याची तोंडओळख

पेटी पाहिलेल्या माणसाला पियानो परका नाही. पट्ट्यांची मांडणी तीच, काळ्या-पांढऱ्यांचा क्रम तोच. 'काळी एक', 'पांढरी चार' हे आपले शब्द इथेही चालतील. ८८ पट्ट्यांपैकी ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. पण पेटीत हवेने पाती वाजतात आणि इथे लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या हातोड्या तारांवर पडतात. इटलीत फ्लॉरेन्स इथे १७०० च्या आसपास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने ही युक्ती काढली, त्यामुळे पट्टी हळू दाबली तर सूर हळू आणि जोरात दाबली तर जोरात, हे तिथे जमू लागलं. खर्जाला प्रत्येक सुरासाठी तांबं गुंडाळलेली एकच जाड तार, पुढे दोन, त्यावर तीन-तीन. अशा एकूण २३० च्या आसपास तारा. मोठ्या सभागृहातल्या ९ फुटी पियानोत त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टन भरतो, आणि तो पेलायला आत बिडाची चौकट असते.

आता आपल्या कामाचं. एका सुरासाठी दोन-तीन तारा एकत्र वाजतात आणि त्या कधीच अगदी तंतोतंत जुळलेल्या नसतात, त्यामुळे पियानोचा सूर दोन टप्प्यांत मावळतो. सुरुवातीला भरभर उतरतो. मग एका पातळीवर आल्यावर त्याचं उतरणं मंदावतं आणि तो बराच वेळ रेंगाळतो. हा दुसरा टप्पा ऐकायला शिकलं की पियानो एकदम जवळचा वाटू लागतो. खर्जातला सूर कितीतरी सेकंद टिकतो, वरच्या टोकाचे सूर टिचकी मारल्यासारखे संपतात. इतके लवकर, की सगळ्यात वरच्या तारांना आवाज थांबवणाऱ्या गाद्याच बसवलेल्या नसतात.

पायाशी तीन पेडल असतात. बघायचं ते उजवं. ते दाबलं की सगळ्या तारांवरच्या गाद्या उचलल्या जातात आणि एक सूर वाजवला तरी बाकीच्या तारा त्याच्याबरोबर झंकारतात. सतारीच्या तरफा आठवा. आपल्या तरफा रागाप्रमाणे जुळवतात, इथे सगळे बाराच्या बारा सूर उघडे राहतात, म्हणून वादकाला ते पेडल कधी सोडायचं याचं फार भान ठेवावं लागतं. चांगल्या वादकाचा उजवा पाय पाहत बसलं तरी एक रचना कधी संपली ते कळत नाही. डाव्या पेडलने हातोड्या किंचित सरकतात, तीनांपैकी दोनच तारांवर पडतात, आणि आवाज कमी होण्याबरोबर त्याचा पोतही बदलतो. मधल्या पेडलचं काम कमी वेळा पडतं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, मात्र इथे नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती पियानोला नाहीत. याच दुखण्यामुळे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, तो वाद आपल्याकडे जुना आहे. पियानो ऐकताना तो वाद घरी ठेवून या. मींड शोधत बसलं की जे आहे तेही ऐकू येत नाही.

त्या संध्याकाळी

वेळ म्हणजे वेळ. साडेसहा लिहिलं असेल तर साडेसहाला दार बंद होतं आणि उशिरा आलेल्यांना दोन रचनांच्या मधल्या टाळ्यांपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. त्यात आयोजकांचा अडेलपणा नाही. पहिली रचना बहुतेक वेळा सगळ्यात हळू आवाजात सुरू होते, आणि त्यात दाराची कुरकुर फार मोठी वाटते.

कोथरूडकडून कॅम्पात संध्याकाळी गाडी घेऊन जायचं म्हणजे वाहतुकीत अडकणं आणि वर पार्किंग शोधत फिरणं. मेट्रो बरी. वनाजहून रामवाडीची मेट्रो धरली तर मझदा हॉलसाठी पुणे स्टेशनला उतरून रिक्षा करा, मॅक्स म्युलर भवनासाठी रुबी हॉल क्लिनिक स्थानक सोयीचं. स्वारगेट किंवा पिंपरीकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्गिका बदलायची. मी तासभर आधी पोहोचते. मेन स्ट्रीटवर मार्झोरिनचं सँडविच खाऊन, पाणी पिऊन, मग हॉलकडे वळते. पोट रिकामं असेल तर शांततेत तेच आधी ऐकू येतं. कयानीची बिस्किटं घ्यायची असतील तर जरूर घ्या, पण पिशवीचं तोंड बांधून पायाशी ठेवा आणि घरी गेल्यावरच सोडा.

लवकर पोहोचण्यात आणखी एक लाभ होतो. कधी कधी बंद दारामागून एकच सूर पुन्हापुन्हा ऐकू येतो. तो पियानो जुळवणारा असतो. पुण्याच्या हवेत त्याला बरंच काम आहे. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, तारांखालचा फळा किंचित वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात ते उतरतात. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी पियानो जुळवून घेतातच. तंबोरे जुळताना ऐकायला ज्यांना आवडतं त्यांनी हे दाराशी उभं राहून ऐकावं. तीन तारांपैकी एक किंचित सरकलेली असते तेव्हा सूर लहरतो, मग लहर मंदावते, मग थांबते.

कपड्यांचं विचारणारे खूप असतात. नेहमीचे नीटनेटके कपडे पुरे. फक्त हातातल्या काचेच्या बांगड्या त्या दिवशी घरी ठेवा, आणि चर्रकन उघडणारी पर्स नको. फोन थरथरण्यावर ठेवू नका, पूर्ण बंद करा. लाकडी खुर्चीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला की चार रांगांना कळतं.

जागा निवडता येत असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या हाताला बसा. पियानो आडवा ठेवतात, झाकण प्रेक्षकांकडे उघडतं आणि वादकाची उजवी बाजू आपल्याकडे असते. डावीकडून पट्ट्या आणि हात दिसतात. उजवीकडून हात दिसत नाहीत, चेहरा दिसतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी डावीकडेच बसवते, कारण हात पट्ट्यांवरून उचलल्यावरही सूर चालू राहतो, हे डोळ्यांनी पाहिलं की लगेच पटतं. अगदी पहिल्या रांगेचा अट्टहास नको. चौथ्या-पाचव्या रांगेत आवाज जास्त मिळून येतो. आणि छताचा पंखा डोक्यावर येणार नाही असं बघा. त्याची घरघर नेमकी त्या रेंगाळणाऱ्या टप्प्यावर बसते.

दाद

इथे मी जरा थांबून लिहिणार आहे.

माझी पहिली पियानो मैफल कॅम्पातलीच. तोवर मी इतक्या मैफली ऐकल्या होत्या की दाद द्यायला विचार करावा लागत नसे, ती आपोआप यायची. संथ रचना चालू होती. वादकाने वरचा एक सूर ठेवला, त्याखाली डाव्या हाताने एक अनपेक्षित सूरसंगती सरकवली आणि दोन्ही हात उचलले. माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. मोठ्याने नाही, पण निघालं. पुढच्या रांगेतल्या एक वृद्ध पारशी बाई हळूच वळल्या. मध्यंतरात त्या स्वतः माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला, आणि म्हणाल्या की तुम्हाला आवडलं ते मला कळलं, मलाही आवडलं, पण तो सूर अजून होता. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. मला मात्र तो न ऐकलेला सूर आजही चुटपुट लावतो.

आपल्या मैफलीत दाद संगीताचाच भाग आहे. गवई ती घेतो, तिच्यावर पुढची जागा बांधतो. समोरच्यांचे चेहरे दिसावेत म्हणून प्रकाश ठेवायला सांगतो. पियानोवादकाला तुमची दाद नकोशी असते असं मुळीच नाही. पण त्याचा सूर आधीच विरत चाललेला असतो, आणि तुमचा आवाज नेमका त्या विरण्यावर पडतो. म्हणून दाद साठवायची आणि शेवटी एकदम द्यायची. साठवलेली दाद कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

शेवट ओळखायचा कसा? सूर संपल्यावर लगेच टाळी नको. वादकाकडे बघा. हात पट्ट्यांवर किंवा हवेत असतील तर रचना चालू आहे. हात खाली आले पण उजवा पाय पेडलवर असेल तर अजूनही चालू आहे. पाय सुटला, हात मांडीवर आले, खांदे सैल पडले, की झालं. मनातल्या मनात दोन मोजा आणि मग मनसोक्त वाजवा. काही कार्यक्रमांत एका मोठ्या रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. पत्रिकेत एका नावाखाली क्रमांक घातलेले भाग दिसले तर ते एकत्र धरा. संभ्रम पडलाच तर हॉल वाजवेल तेव्हा वाजवा.

आजचे रचनाकार याबाबतीत जुन्यांपेक्षा बरेच मोकळे असतात. कित्येक जण मध्ये माइक घेऊन बोलतात, रचना कशी सुचली ते सांगतात, चुकून टाळी पडली तर हसून मान लववतात. तेव्हा धास्ती घेऊन बसू नका. मान डोलवायला कुणाचीच हरकत नसते. मांडीवर बोटांनी ताल धरायलाही नाही, फक्त अंगठी खुर्चीच्या दांड्यावर वाजणार नाही एवढं बघा.

खोकला येतोच. पुण्याची हिवाळी हवा आणि धूळ, त्याला कोण काय करणार. खडीसाखर किंवा ज्येष्ठमध आधीच कागदातून काढून रुमालात ठेवा. कागद सावकाश उलगडत बसण्यापेक्षा एकदा खोकलेलं परवडतं.

काय ऐकायचं

राग शोधू नका. एखादी सुरावट भूपासारखी किंवा कीरवाणीसारखी वाटेल, वाटू द्या, पण पुढच्या क्षणी तिथे एक परका सूर येईल आणि तुम्हाला चूक झाल्यासारखी वाटेल. ती चूक नाही. इथे सुरांचे गट एकत्र वाजतात, आणि तोच वरचा सूर खालचा गट बदलला की निराळा भासतो. याचा अनुभव आपल्यालाही आहे: एकच निषाद पंचमाच्या तंबोऱ्यावर एक भाव देतो, मध्यमाच्या तंबोऱ्यावर दुसरा. पियानोत खालचा तंबोराच दर काही क्षणांनी बदलतो आहे असं समजा. वरच्या सुरावर लक्ष ठेवा आणि त्याच्याखालची जमीन कशी सरकते ते बघा.

मग पुनरावृत्ती. आजच्या पियानो-रचनांबद्दल सगळ्यात जास्त तक्रार हीच येते, की तेच तेच वाजवतात. तक्रार करणाऱ्यांना मी तबल्याच्या एकलवादनाची आठवण करून देते. पेटीवाला किंवा सारंगिया लेहरा धरतो, तेच आवर्तन अर्धा तास, आणि त्यामुळेच तबल्यातला बारीकसा फरकही आपल्याला लख्ख दिसतो. पियानोवादकाचा डावा हात लेहरा धरतो असं माना. मग उजव्या हातात एखादा सूर वाढला, एक मात्रा गळली, आघात एका बोटाने सरकला, तर ते कळू लागतं.

ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये शिकणाऱ्या फिलिप ग्लास या अमेरिकी तरुणाला एक काम मिळालं: पंडित रविशंकरांनी एका चित्रपटासाठी केलेलं संगीत तिकडच्या वादकांना वाजवता यावं म्हणून पाश्चात्त्य लिपीत उतरवून द्यायचं. सोबत तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. ग्लास तिकडच्या रीतीप्रमाणे उभ्या रेघांनी मात्रांचे गट पाडायचे आणि आघात चुकीच्या जागी पडायचे. सगळे सूर सारखेच आहेत, असं अल्लारखाँ पुन्हापुन्हा बजावत राहिले. शेवटी ग्लासनी त्या रेघाच खोडल्या, आणि सुरांचा अखंड प्रवाह समोर आला. मात्रा एकेक करून वाढवत किंवा कमी करत नेण्याची त्यांची पुढची सगळी पद्धत तिथून निघाली. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवर त्यांनी १९८० मध्ये ऑपेरा केला, त्यातली गायकी संस्कृतात आहे, भगवद्‌गीतेतल्या श्लोकांची. आज एकल पियानो लिहिणाऱ्या पिढीवर त्यांची छाप पदोपदी दिसते.

दुसरा धागा तर थेट आपल्या अंगणात येतो. टेरी रायली हे या पुनरावृत्तीच्या शैलीचे एक आद्य रचनाकार. १९७० पासून ते पंडित प्राणनाथांकडे शिकले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. अब्दुल वहीद खाँ हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या नात्यातले, आणि अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय काढलं ते पुण्यात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे भीमसेनजी, ज्यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या नावाने महोत्सव सुरू केला. एकेक सूर अतिशय सावकाश, त्याच्या पोटात शिरून मांडण्याची किराण्याची जी ओढ आहे, ती इकडे सवाईच्या मांडवात आली आणि तिकडे अमेरिकेतल्या रचनाकारांपर्यंत पोहोचली. हे कळल्यानंतर संथ पियानो ऐकताना मला परक्या घरी आल्यासारखं वाटलं नाही.

एवढं सांगून ऐकण्याचा क्रम सुचवते. पहिल्या रचनेत फक्त खर्ज ऐका, डावा हात. दुसऱ्या रचनेत सुरांच्या मधल्या जागा. तिसऱ्यापासून हे सगळं सोडून द्या आणि जे कानावर पडेल ते घ्या. मध्ये लक्ष भटकलं, घरचं काही आठवलं, तर स्वतःवर चिडू नका. पुढचा सूर लागेल तिथून परत या.

विचित्र वाटेल असं काही घडलं तर

वादक उठून पियानोच्या आत हात घालून तारा छेडू लागला, किंवा तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवलेले दिसले, तर वाद्य बिघडलं असं समजू नका. जॉन केज या अमेरिकी रचनाकाराने हा प्रकार रूढ केला. १९४६ ते १९४८ मध्ये त्यांनी अशा पियानोसाठी वीस छोट्या रचनांचा संच लिहिला, त्यामागची कल्पना आपल्या रससिद्धान्तातली: शृंगार, वीर, करुण वगैरे रस आणि त्या सगळ्यांना जोडणारा शांत. अहमदाबादच्या गीता साराभाई तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या आणि मोबदल्यात त्यांना भारतीय संगीत शिकवत होत्या. अशा पियानोतून घुंगरू, झांजा, लाकडी ठोकळे यांच्यासारखे आवाज येतात. याच केजनी १९५२ मध्ये एक रचना केली जिच्यात वादक चार मिनिटं तेहेतीस सेकंद एकही सूर वाजवत नाही. हॉलमध्ये जे ऐकू येईल ते संगीत. असा प्रसंग आलाच तर शेजाऱ्याला कुजबुजून विचारू नका, तुम्हीही त्या रचनेत आहात.

कधी हातोड्या आणि तारा यांच्या मध्ये नमद्याची पट्टी सोडतात, मग पियानो दुलईखालून बोलल्यासारखा वाजतो आणि हातोड्यांची खटखटही ऐकू येते. ती मुद्दाम ठेवलेली असते. लॅपटॉप असेल तर बहुतेक वेळा वादक स्वतःचाच एखादा तुकडा ध्वनिमुद्रित करून चक्राकार फिरवत ठेवतो आणि त्यावर वाजवतो. लेहरा पुन्हा आला.

लहान मुलं, आणि संपल्यावर

सात-आठ वर्षांच्या पुढची, एका जागी बसू शकणारी मुलं जरूर आणा आणि डावीकडे, कडेच्या खुर्चीवर बसवा. म्हणजे कंटाळली तर कुणाला न उठवता बाहेर नेता येईल. त्याहून लहानांना तासभर गप्प बसवणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

शेवटच्या टाळ्या लांबल्या तर वादक परत येऊन आणखी एखादी छोटी रचना वाजवतो, म्हणून पार्किंगकडे धावू नका. पुष्कळदा संध्याकाळची सगळ्यात निवांत रचना तीच असते. नंतर कलाकार बाहेर येऊन भेटतात. त्यांना काय विचारायचं हे सुचत नसेल तर पियानोबद्दल विचारा. फिरतीवरच्या पियानोवादकाला स्वतःचं वाद्य सोबत नेता येत नाही, दर गावी नवं वाद्य भेटतं, आणि हे आजचं कसं होतं यावर ते आनंदाने बोलतात. एकदा एका वादकाने मला सांगितलं की इथल्या पियानोचा खर्ज त्याला इतका आवडला की शेवटच्या रचनेत त्याने तो ठरवल्यापेक्षा जास्त वेळ विरू दिला.

पत्रिका घरी जपून ठेवा. कुठल्या रचनेपाशी काय वाटलं ते तिच्यावरच पेन्सिलीने दोन शब्दांत लिहा, त्याच रात्री. पुढच्या वेळी जाण्याआधी ती वाचली की आपले कान कुठे होते आणि कुठे आले ते दिसतं. परतीच्या मेट्रोची वेळ आधीच बघून ठेवा, कारण कॅम्पातून रात्री कोथरूडला यायला रिक्षावाले तयार होतातच असं नाही. आणि गाडीने आला असाल तर घरापर्यंत रेडिओ लावू नका.